चेक आला, निकाल आला नाही

सोलापूर जिल्ह्यातल्या हौशी कलावंतांना अनुदान देणारी एक धर्मादाय संस्था आहे. तिच्याकडे मी तीनदा अर्ज केला. २०२१ मध्ये, २०२२ मध्ये आणि २०२४ मध्ये. एकदा पैसे मिळाले, दोनदा मिळाले नाहीत. पाचपैकी तीन स्टार देतेय. तीन कशाचे दिले आणि दोन का कापले, ते जरा सविस्तर सांगते. संस्थेचं नाव लिहिलेलं नाही. मला कुणाशी भांडण काढायचं नाही, काम सुधारावं एवढंच मनापासून वाटतं.

मी सोलापूर शहराच्या पूर्व भागात राहते. गेली चौदा वर्षं आमच्या भागातल्या मुलांना घेऊन बालनाट्यं बसवते. यातल्या बहुतेकांच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि गल्लीत दोन्हीची मिसळ. मुलं मला अक्का म्हणतात. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. तालमीला आया येतात त्या मांडीवर सूप घेऊनच. पोरगं संवाद विसरलं की विडीच्या पानावरची नजर न काढता त्याचं पुढचं वाक्य सांगतात. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या मुलांना ‘आवाज मोठा कर’ असं मला कधी सांगावं लागलेलं नाही, तो शेवटच्या रांगेपर्यंत आपसूक जातो. शिकवावं लागतं ते हळू बोलायला. कुजबुजीचा एक प्रसंग बसवायला तीन-तीन आठवडे जातात.

अशा कामाला तिकिटातून पैसे उभे राहत नाहीत. वर्गणी, भिशी, ओळखीच्या दुकानदारांच्या जाहिराती, यावर आजवर चाललं. म्हणून ही संस्था कळली तेव्हा मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. पैसे पूर्ण मिळाले. कुणी मध्ये टक्का मागितला नाही. पहिल्या रांगेत आमच्या सगळ्या विश्वस्तांना बसवा, अशी अट नव्हती. दाराएवढा मोठा चेक हातात धरून फोटो काढायला लावला नाही. प्रयोगाला संस्थेतर्फे एक गृहस्थ आले होते. खुर्च्या कमी पडल्या तशी त्यांनी आपली खुर्ची एका आजींना दिली आणि स्वतः मागे मुलांमध्ये जमिनीवर बसून अख्खं नाटक पाहिलं. फॉर्म मराठीत आहे, तोही समजेल अशा मराठीत. तीन स्टार याचे आहेत आणि ते मी हात राखून देत नाही.

आता दोन का कापले ते.

फॉर्म सहा पानी आहे. मागच्या तीन वर्षांचं काम, अंदाजपत्रक, ऑडिट, पॅन, जबाबदार व्यक्तीची सही, आणि ‘आपल्या कलेचा समाजावर होणारा परिणाम’ दोनशे शब्दांत. हे सगळं विचारतात आणि त्यांनी ते विचारलंच पाहिजे. पण सहा पानांत उलट बाजूने एक ओळ नाही. यंदा एकूण किती रक्कम वाटणार, एका संस्थेला जास्तीत जास्त किती, अर्ज कोण वाचतं, कशावरून ठरवतं, निर्णय कधी होतो, यातलं काहीही नाही. फोन केला की पलीकडून अत्यंत सौजन्याने उत्तर येतं, ‘कळवू’. तीन वर्षांत हा शब्द मी इतक्यांदा ऐकलाय की तालमीत एखाद्या मुलाला ‘उद्या सांगते’ म्हणायचंही मी सोडून दिलं. सांगायचं असेल तर आत्ताच सांगते.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना चढल्यावर डाव्या हाताला काचेच्या दाराचा सूचना फलक. हिरवं कापड उन्हाने पिवळं पडलेलं, चार कोपऱ्यांत चार गंजलेल्या टाचण्या, आणि त्या टाचण्यांच्या मध्ये, जिथे कधीतरी कागद होता तिथे, मूळ हिरव्या रंगाचा एक चौकोन. २०२१ ला अर्ज द्यायला गेले तेव्हा तो चौकोन पाहिला. २०२४ ला गेले तेव्हाही तिथे काही लावलेलं नव्हतं. दार कुलूपबंद होतं आणि किल्ली कुणाकडे असते ते तिथल्या क्लार्कताईंना आठवत नव्हतं. त्यांचा यात काही दोष नाही. अख्खं कार्यालय त्या एकट्या सांभाळतात. टेबलावर फायलींचे दोन उंच गठ्ठे असतात आणि तरी आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात.

सोलापूरकरांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. आपल्याकडे कित्येक वर्षं पाणी काही दिवसांआड येतंय. त्याचा त्रास आहेच. पण उद्या पहाटे येणार एवढं कळलं की बाई घागरी, बादल्या, पिंप रिकामे करून ठेवते, कामावर उशिरा येते म्हणून सांगून टाकते, शेजारच्या म्हातारीलाही हाक मारते. कमी पाण्यात संसार चालवायचा तर ते कधी येणार हे माहीत असावं लागतं. अनुदानाचंही तसंच आहे. चाळीस हजार मिळणार की शून्य, आणि कोणत्या महिन्यात, हे वेळेवर समजलं तर आम्ही त्यात बसवू. समजलंच नाही तर मिळालेले पैसेसुद्धा अर्धे वाया जातात. माझे कसे गेले ते सांगते.

२०२२ चा अर्ज एका नाटकासाठी होता. मे १९३० मध्ये सोलापुरात इंग्रजांविरुद्ध जो उठाव झाला आणि नंतर त्यांनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लावला, ते मुलांच्या नजरेतून. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. चार पुतळ्यांवरून आमची मुलं रोज जातात, पण त्या चौघांची नावं सलग सांगता येणारं पोर मला वर्गात एकच सापडलं होतं. म्हणून प्रयोग १२ जानेवारीलाच हवा होता. जानेवारी म्हणजे गड्ड्याचे, सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस. नंदीध्वज, होम मैदान, सगळं शहर रस्त्यावर. सभागृह, टेम्पो, साउंडवाला, काहीच आयत्या वेळी मिळत नाही. सगळं नोव्हेंबरात ठरवून आगाऊ रक्कम द्यावी लागते.

मी बासष्ट हजार मागितले होते. सभागृह आणि साउंड १५ हजार, प्रकाशयोजना ९, नेपथ्य १४, वेशभूषा १२, रंगभूषा ४, ने-आण ५, छपाई ३. जूनमध्ये अर्ज दिला. सप्टेंबरात विचारलं, कळवू. नोव्हेंबरात विचारलं, कळवू. शेवटी माझी भिशी आधी उचलली आणि सभागृहाचे पैसे भरले. वेशभूषा रद्द केली. मुलांच्या आयांनी घरातले पांढरे शर्ट नीळ घालून, इस्त्री करून दिले. टोप्या एका आजोबांनी शिवल्या. पोलिसांचे गणवेश भाड्याने आणायचे होते, ते राहिले. गोऱ्या सार्जंटचं काम करणारा मुलगा साध्या खाकी हाफपँटमध्ये उभा राहिला. छान काम केलं त्याने. पण आरशासमोर उभा राहून ‘अक्का, हे शाळेचं दिसतंय’ म्हणाला, ते मला अजून टोचतं.

३ जानेवारीला फोन आला, चेक घेऊन जा. गेले. स्टेपल मारलेलं पाकीट मिळालं. जिन्यातच उघडलं. आत चाळीस हजारांचा चेक, मागे पेन्सिलने आमच्या अर्जाचा नंबर. दुसरा कागद नाही. पाकीट उलटं करून झटकून पाहिलं. आनंदाने डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच मिनिटाला प्रश्न पडला, की बावीस हजार कापले ते कशाचे? नेपथ्य त्यांना जास्त वाटलं की सभागृह? गणवेश आणावेत की आणू नयेत? परत वर जाऊन विचारलं. ताई म्हणाल्या, ‘मला फक्त चेक द्यायला सांगितलाय हो.’ हेच चाळीस हजार नोव्हेंबरात मिळणार असं कळलं असतं तर तो मुलगा गणवेशात उभा राहिला असता. नऊ दिवस आधी गड्ड्याच्या गर्दीत गणवेश कुठून आणणार?

प्रयोगानंतर हिशेबाचा फॉर्म आला. त्यात प्रत्येक बाबीपुढे तीन रकाने होते, मागितलेली रक्कम, मंजूर रक्कम, झालेला खर्च. मधला रकाना मी भरायचा होता. मंजूर काय केलं हे मला कधीच कुणी सांगितलेलं नाही, तर मी काय लिहू? विचारलं तर उत्तर आलं, ‘बेरीज चाळीस येईल असं बघून भरा.’ मी भरलं. एकूण खर्च ५८,४०० झाला होता, वरचे १८,४०० भिशीतले. सगळी बिलं जोडली. पण एका चांगल्या संस्थेने मला माझ्याच हाताने एक खोटा रकाना भरायला लावला. मी मुलांना खरं बोलायला शिकवते. तो कागद सही करून देताना मला लाज वाटली.

तरी हे सगळं मी विसरले असते. विसरता येत नाही ते पुढचं.

कोणाला किती मिळालं याची यादी संस्थेने कुठेच जाहीर केली नाही. मग ती यादी लोकांनी आपापली केली. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहाबाहेर चहाला उभी होते तेव्हा एक जुने रंगकर्मी म्हणाले, ‘ऐकलं, दीड लाख मिळाले म्हणे तुम्हाला.’ मी चाळीस सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं. बँकेचं पासबुक दाखवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं मी. त्यांच्या मनात पाप होतं असं मी म्हणत नाही. जिथे आकडा सांगत नाहीत तिथे माणूस मोठाच आकडा धरतो.

माझी एक मैत्रीण आहे. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गावात बायकांचं भारूड मंडळ चालवते. वीस वर्षांची मैत्री. माझ्या नाटकांना ढोलकी तिच्याच मंडळातली येते. तिनेही त्याच वर्षी अर्ज केला होता. तिला काहीच आलं नाही, ना होकार ना नकार. मला मिळाले हे तिला दुसऱ्याकडून कळलं, हीही माझीच चूक. ती घरी आली, कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन, नेहमीसारखी. जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, ‘तुझी तिथं ओळख असंल गं. चांगलंच हाय की, मला सांगायचंस फक्त.’

माझी तिथे कुणाशी ओळख नाही. पण मग मला का निवडलं आणि तिला का नाही, हे तिला काय सांगू? मलाच कुणी सांगितलेलं नव्हतं. माझ्या नाटकाचा विषय आवडला असेल, मुलं आहेत म्हणून दिलं असेल, तिचा एखादा कागद कमी असेल. एक ओळीचं पत्र असतं तर मी तिच्या हातात ठेवलं असतं. ‘बालनाट्य, पूर्व भाग, ऐतिहासिक विषय, चाळीस हजार.’ आणि तिच्या पत्रात तिचं कारण. ती रागावली असती तर त्या कारणावर रागावली असती. त्यानंतर सव्वा वर्ष ती आली नाही. ढोलकीला मी दुसरा मुलगा बघितला.

संस्थेच्या लोकांना मला हे सांगायचंय. तुमचं गप्प राहणं तुम्हाला महाग पडत नसेल. ज्याला पैसे मिळाले त्याला पडतं. गावात त्याच्यावर संशय येतो आणि उत्तर त्याच्याकडे नसतं. ज्याला मिळाले नाहीत तो पुन्हा अर्ज करत नाही. ‘तिथं वशिला लागतो’ हे वाक्य एकदा शाहिरांच्या, भजनी मंडळांच्या, लेझीम पथकांच्या कानावर गेलं की पुढच्या वर्षी अर्ज येतात ते ज्यांना अर्ज लिहायची सवय आहे त्यांचेच. मग तुम्हीच म्हणता, ग्रामीण भागातून प्रतिसाद नाही. शाहीर राम जोशींचं हे सोलापूर, शाहीर अमर शेखांची बार्शी, पंढरपूरचे फड. या जिल्ह्यात प्रतिसाद नाही?

माझा २०२१ चा पहिला अर्ज का बाद झाला, ते मला तब्बल दोन वर्षांनी आणि निव्वळ योगायोगाने कळलं. एका लग्नात त्या वेळी अर्ज तपासणारे गृहस्थ शेजारच्या पाटावर होते. बोलता बोलता म्हणाले, ‘तुमचं ऑडिट होतं, पण एका पानावर सीएची सही नव्हती, म्हणून बाजूला ठेवलं.’ एका पानावरची सही! आमचे सीए अशोक चौकात बसतात, सायकलवर दहा मिनिटं. त्या वर्षी मी तीस मुलांची तालीम सुरू करून बंद केली होती.

काही लोक म्हणतील, खासगी संस्था आहे, तिचा पैसा, तिची मर्जी. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. मग मी विचारत, वाचत गेले. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा १९५० पासून आहे. नोंदणी झालेल्या न्यासाला ऑडिट झालेला हिशेब दरवर्षी धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. देणगीदाराला आयकरात सवलत मिळते, ती सवलत सरकार म्हणजे आपण सगळेच देतो. न्यासाला स्वतःलाही आयकर माफ असतो, आणि त्यासाठी उत्पन्नाचे किमान ८५ टक्के त्याच्या उद्देशासाठी वापरावेत असा सर्वसाधारण नियम आहे. मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कायद्याने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. कोणत्या कामांवर करता येईल त्या यादीत कला आणि संस्कृती आहे. कंपनीने ठरवलेली कामं तिच्या वेबसाइटवर टाकायची असतात आणि वार्षिक अहवालात संस्थेचं नावही लिहायचं असतं.

असाच एका कंपनीचा अहवाल माझ्या भाच्याने मला मोबाइलवर दाखवला. त्यात या संस्थेचं नाव आणि दिलेली रक्कम स्पष्ट छापली होती. ज्यांनी पैसे दिले त्यांनी सांगितलंय. ज्यांनी ते वाटले त्यांनी सांगितलेलं नाही, आणि आम्ही तर दोन रस्ते पलीकडे राहतो.

नावं जाहीर करणं म्हणजे आगळंवेगळं काही नाही. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आपल्याकडे होते, तिचा निकाल पेपरात येतो. पहिलं, दुसरं, तिसरं नाटक, दिग्दर्शन, प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा, अभिनयाची रौप्यपदकं, गुणवत्ता प्रमाणपत्रं, आणि शेवटी ‘परीक्षक म्हणून यांनी काम पाहिले’ म्हणून तिघांची नावं. त्या निकालावरून दर वर्षी वाद होतात. कट्ट्यावर आठवडाभर तेच. होऊ देत. दोघंही तोच छापलेला निकाल हातात घेऊन भांडतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा उतरतात. आमच्या गल्लीतलं गणपती मंडळ तर घरटी एकावन्न रुपये घेतं आणि विसर्जनानंतर जमा-खर्च फळ्यावर लिहितं. फुलं, मांडव, लाइट, प्रसाद, शिल्लक. मागच्या वर्षी शिल्लक दोनशे तीस होती, ती शाळेच्या वह्यांना दिली, तेही खाली लिहिलं होतं. लिहिणारा पोरगा दहावी नापास आहे. त्याला कुणी पारदर्शकतेवर व्याख्यान दिलेलं नाही.

बाहेरही बघा. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ मध्ये सुरू झालेली खासगी संस्थाच आहे. कोणत्या कलावंताच्या कोणत्या कामाला मदत केली, ते ती उघड सांगते. आर्ट्स कौन्सिल इंग्लंड दिलेल्या अनुदानांची यादी रकमेसह प्रसिद्ध करते. अमेरिकेत खासगी फाउंडेशनला प्रत्येक अनुदान घेणाऱ्याचं नाव आणि रक्कम कराच्या विवरणपत्रात लिहावी लागते, आणि ते विवरणपत्र कुणालाही पाहता येतं. त्यांच्याइतकी माणसं आणि यंत्रणा आपल्या संस्थेकडे नाही, मान्य. पण एक ए-फोर कागद आणि चार टाचण्या आहेत.

गेल्या वर्षी एका कार्यक्रमात संस्थेच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांना मी भेटले. वयाने माझ्या वडिलांएवढे, अतिशय सज्जन माणूस. पाया पडून विचारलं, ‘काका, यादी का नाही लावत?’ त्यांनी दोन कारणं सांगितली. एक, नावं लावली की न मिळालेले सगळे दारात येतात. दुसरं, दान गुप्तच असावं, आपल्याकडे तशीच रीत आहे.

या दुसऱ्या कारणाचा मी बरेच दिवस विचार केला, कारण ते मनापासून सांगितलेलं होतं. गुप्तदान आम्हीही करतो. सिद्धेश्वराच्या पेटीत टाकताना कुणी नाव लिहीत नाही. पण त्यात लपवायचं असतं ते देणाऱ्याचं नाव, त्याला अहंकार होऊ नये म्हणून. त्या पैशातून शिजलेलं अन्न मांडवात, सगळ्यांसमोर, पंगतीत वाढतात. कुणाच्या पानात काय पडलं ते शेजारच्याला दिसतं, आणि एखाद्याला भात कमी आला तर शेजारचाच वाढप्याला हाक मारतो. इथे उलटं झालंय. देणाऱ्यांची नावं कार्यालयात संगमरवरावर कोरलेली आहेत आणि पंगत पडद्याआड बसवली आहे. काका, तुम्ही हे वाचलंत तर रागावू नका. त्या दिवशी तोंडावर बोलायला मला जमलं नाही.

आणि दारात येतात म्हणाल, तर येऊ देत की. दारात येणारी माणसंच तुमची आहेत. वर्षातून एकदा रंगभवनात किंवा एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये बसा, चहा आम्ही आणतो. इतके अर्ज आले, इतके पैसे होते, यांना यासाठी इतके दिले, यांना या कारणाने देता आलं नाही, असं वाचून दाखवा. प्रत्येक नकाराला एक ओळ पुरे. ‘सही नाही.’ ‘मागच्या वर्षी दिलं होतं.’ ‘रक्कम संपली.’ यातला ‘रक्कम संपली’ हा नकारसुद्धा किती दिलासा देतो, ते अर्ज करणाऱ्यालाच कळेल. माझं काम वाईट नव्हतं, एवढं तरी त्यातून समजतं. निवड कोण करतं त्यांची नावं सांगा. त्यांच्यातल्या कुणाचा भाऊ-पुतण्या अर्जदार असेल तर तो अर्ज त्यांनी वाचायचा नाही, हे आधीच ठरवून टाका. सूचना मराठीत द्याच, पण पूर्व भागासाठी तेलुगूत आणि अक्कलकोटच्या बाजूला कन्नडमध्ये एकेक कागद काढा. भाषांतर मी करून देते, पैसे नकोत. आमच्या आठवीतल्या मुलीसुद्धा तेलुगू कागद सुंदर अक्षरात लिहितील.

२०२४ चा अर्ज ‘आई विडी वळते’ या विषयावरच्या छोट्या नाटकाचा होता. आजपर्यंत उत्तर नाही, म्हणजे नकारच धरते. नाटक आम्ही केलं. नेपथ्य म्हणून बायकांनी आपापली सुपं दिली, बाकी काही नव्हतं. वाईट झालं नाही.

एवढं लिहूनही, ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी जरूर करा. पैसे स्वच्छ आहेत आणि माणसं चांगली आहेत, हे मी पुन्हा सांगते. फक्त ऑडिटच्या प्रत्येक पानावर सीएची सही आणि शिक्का घ्या, अगदी कोऱ्या परिशिष्टावरसुद्धा. अर्जाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर आवक नंबर, तारीख टाकून पोच घ्या. अंदाजपत्रकात कमी पैसे मिळाले तर आधी काय गाळणार ते स्वतःच लिहून द्या, म्हणजे चेकबरोबर पत्र नसलं तरी तुमचा गोंधळ होणार नाही. डिसेंबर-जानेवारीच्या प्रयोगासाठी त्यांच्या पैशावर विसंबू नका. आणि मिळालेच, तर त्याच संध्याकाळी बरोबरच्या सगळ्यांना स्वतः सांगा, किती मिळाले ते आकड्यासकट.

मैत्रीण आता पुन्हा यायला लागली आहे. मीच गेले होते तिच्या गावी, पासबुक आणि हिशेबाचा तो फॉर्म घेऊन. तिने मधला रकाना वाचला आणि बराच वेळ काही बोलली नाही. यंदा अर्ज करणार नाही म्हणते. मी तिच्यासाठी फॉर्म आणून ठेवलाय.